अठरा डॉलरचा क्रौंच

१

मार्सेला विटेकच्या हातातला कॉफीचा कागदी पेला खाली पडला आणि तिने तो उचललाही नाही. मार्सेला म्हणजे फरशीवर दोऱ्याचा तुकडा दिसला तरी वाकणारी बाई. काहीतरी भलतंच झालंय, हे ट्वायला नोवोट्नीला तिथेच कळलं.

मंगळवारची सकाळ होती. मिलबर्नच्या चर्चच्या तळघरात वसंतातल्या विक्रीची टेबलं मांडली होती. चोकचेरीच्या जॅमच्या बरण्या, विणलेले मोजे, आणि कोपऱ्यात ताटं पुसायचे पांढरे सुती टॉवेल. सगळ्यात वरच्या टॉवेलवर एक क्रौंच भरलेला होता. वीतभर उंच, राखाडी, कपाळावर लाल, आणि एक पाय उचलून असा उभा की आता पुढचं पाऊल टाकेल. टॉवेलला चिठ्ठी लावली होती, सहा डॉलर.

"हा माझा आहे," मार्सेला म्हणाली.

"घे की मग. सहाच तर आहेत," ट्वायला म्हणाली.

"टॉवेल नाही गं! हा पक्षी माझा आहे. हे डिझाईन मी बनवलंय, आणि अजून कुणाला विकलेलं नाही. शनिवारी विकायला काढणार होते."

मार्सेला संगणकावर भरतकामाची डिझाईनं बनवायची. तिची फाइल विकत घ्यायची, मशिनमध्ये घालायची, की मशिन आपलं आपण टाके घालत जाणार. देशभरातल्या हौशी बायका तिची गिऱ्हाइकं होती, आणि नवरा गेल्यापासून तिची चूल त्यावरच पेटत होती. दर मार्चमध्ये गावाजवळच्या प्लॅट नदीच्या पात्रात लाखो क्रौंच उतरतात, त्यांना बघायला कुठून कुठून माणसं येतात. शनिवारी त्यांच्यासाठी मेळा होता, आणि त्या मेळ्यासाठी मार्सेला तीन महिने या एका पक्ष्यामागे लागली होती.

"मागे सूर्यफुलांचं झालं, आता ह्याचं," ती म्हणाली. दोन वर्षांपूर्वी तिच्या सूर्यफुलांची फाइल कुणीतरी इंटरनेटवर फुकट टाकून दिली होती. त्यानंतर तिची एकही प्रत विकली गेली नाही. "फाइल फुटली असेल तर शनिवारी मी टेबलच मांडत नाही. मांसाच्या कारखान्यात पॅकिंगला माणसं हवी आहेत. फॉर्म भरून ठेवलाय मी."

"टॉवेल आणले कुणी?"

विक्रीवरच्या बाईने हात झटकले. सकाळी दाराशी खोकं होतं, नाव नव्हतं, किंमत तिनेच लावली होती.

आणि मग एकेक करून सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. तिथे बर्डीन कोलार उभी होती, एकोणऐंशी वर्षांची, हातात जर्दाळूच्या पावांचा डबा. नाताळात मार्सेलाने क्रौंचाच्या फाइलची किंमत सांगितली तेव्हा हीच बर्डीन भरतकामाच्या क्लबात सगळ्यांसमोर म्हणाली होती, "अठरा डॉलर? एका पक्ष्याला? तो खाता येत नाही, अंडी घालत नाही! बघा तुम्ही, मी फुकट मिळवून दाखवीन."

बर्डीनने डबा टेबलावर ठेवला, टॉवेलकडे एकदा पाहिलं, आणि एक शब्दही न बोलता जिना चढून निघून गेली. चाळीस वर्षांत बर्डीन कोलारला गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

२

ट्वायलाने सहा डॉलर मोजले आणि टॉवेल आपल्या पिशवीत टाकला. मार्सेलाला तर तो डोळ्यांसमोरही नको होता.

ट्वायलाची सगळी नोकरी पीकविम्यात गेली होती. गारपिटीनंतर शेतात जायचं आणि मका खरंच गारांनी झोपलाय की शेजाऱ्याच्या गुरांनी तुडवलाय, हे ठरवायचं. कुणी कितीही रडलं तरी ती आधी खाली बसायची आणि पान उलटून बघायची. निवृत्तीनंतर ती भरतकामाच्या क्लबात आली ती केवळ माणसांत बसायला मिळावं म्हणून. हात म्हणाल तर यथातथाच. पहिल्याच आठवड्यात तिने सुईखालच्या छोट्या रिळात, म्हणजे बॉबिनमध्येही, वरच्याच रंगाचा दोरा भरला होता, साध्या शिवणाला भरतात तसा. भरतकामाच्या मशिनला खाली कायम बारीक पांढरा दोरा लागतो, हे बाकीच्यांना झोपेतही पाठ. तेव्हापासून क्लबात कुणाचं काही चुकलं की "ट्वायलाचं बॉबिन झालं" असं म्हणायची पद्धतच पडली.

दुपारी ती मार्सेलाच्या स्वयंपाकघरात बसली. पडद्यावर क्रौंच होता.

"मला एक सांग," ट्वायला म्हणाली. "राग मानू नकोस. अठरा डॉलरचं यात आहे काय?"

मार्सेला रागावली नाही. तिने पक्ष्याचा गुडघा मोठा करून दाखवला.

"कापड ओढलं जातं, बघ. टाका घातला की कापड त्या बाजूला आक्रसतं. म्हणून गोल हवा असेल तर मी लांबट काढते, म्हणजे शिवल्यावर तो गोल होतो. प्रत्येक पिसाचा टाका वेगळ्या दिशेला जातो, नाहीतर उजेड सगळीकडे सारखाच पडतो आणि पक्षी चिकटवल्यासारखा दिसतो. एकतीस हजार चारशे टाके आहेत यात. एकसुद्धा संगणकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. ही अकरावी खेप आहे. दहा फेकून दिल्या."

ट्वायलाने आयुष्यभर पानं बघितली होती, त्यामुळे बघणाऱ्या माणसाची तिला पारख होती. या बाईने एका पक्ष्याचा गुडघा जितका न्याहाळला होता, तितका लोक आपल्या मुलांचा चेहरा न्याहाळत नाहीत. तिला मनापासून कौतुक वाटलं आणि ते तिने बोलूनही दाखवलं. मार्सेलाचे डोळे भरून आले.

"टॉवेलवरचा अगदी हाच आहे?" ट्वायलाने विचारलं.

"सातवी खेप आहे ती. सातवीत पाय जरा जास्तच वर होता. आणि चोराला मशिनही धड चालवता येत नाही. पंखात फट पडलीय, पाहिलीस ना? दोरा तुटला असणार आणि त्याला पत्ताच नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन-तीन जागा कोऱ्याच राहिल्यात."

"सातवी खेप कुणाकुणाकडे होती?"

"माझ्याकडे, आणि लोरालीकडे. माझी प्रत्येक खेप तीच शिवून बघते. पण लोराली असं करायची नाही."

ट्वायला उठली. "लोरालीला मी विचारते."

"तिच्याकडे सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर असतात," मार्सेला म्हणाली, आणि तो भलत्याच हाती पडला असेल तर, हे मनात येऊन तिने कपाळाला हात लावला.

३

लोराली सॉअर चाळिशीची, तीन मुलांची आई. दार उघडलं तेव्हा तिच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात ढवळायचा चमचा.

"ट्वायला, तुम्ही? या ना! राजम्याची चिली रटरटतेय, दालचिनीचे रोल आताच काढलेत. गरम आहेत, बसा."

"तुझा पेनड्राइव्ह कुठंय, लोराली?"

चमचा थांबला. लोरालीचं तोंड एकदम लहान मुलीसारखं झालं आणि ती रडायलाच लागली.

"हरवलाय. तीन आठवडे झाले! मी घर पालथं घातलं, गाडीच्या सीटसुद्धा काढल्या. मार्सेलाला कुठल्या तोंडाने सांगू? तिचं सगळं त्यात आहे हो. तो पक्षी माझ्यामुळेच फुटला ना?"

ट्वायलाने एक रोल तोडला आणि तिला रडू दिलं. शेतातही हेच करायची ती. आधी माणसाला मोकळं होऊ द्यायचं, मग प्रश्न.

"सातवी खेप शिवलीस तेव्हाचं आठवतंय का?"

"जानेवारीत. बर्फाचं वादळ होतं तेव्हा. घरात चांगलं कापड नव्हतं म्हणून लोकरीच्या जुन्या ब्लँकेटचा तुकडा घेतला. आणि मधेच बहिणीचा फोन आला." ती नाक पुसत म्हणाली. "आमच्या गप्पा तुम्हाला माहीतच आहेत. दोरा तुटला तरी मशिन चालूच. पंखातली दोन-तीन पिसं जराजरा कोरी राहिल्यावर माझं लक्ष गेलं. पण नमुनाच तर होता. पाय कसा दिसतो एवढंच मार्सेलाला बघायचं होतं, म्हणून दोरा ओवला आणि पुढे चालू."

ट्वायलाच्या हातातला रोल अर्ध्या वाटेत थांबला.

"पंखात तुटला?"

"हो. फट राहिली तिथे. का हो?"

"तो तुकडा आता कुठंय?"

"ड्वेनच्या दुकानात, चिंध्यांच्या पेटीत. आमचे सगळे नमुने तिथेच जातात." लोरालीने डोळे पुसले. "का? त्या चिंधीचं काय?"

४

ड्वेन बेकर मशिनं विकायचा, दुरुस्त करायचा, आणि दर मंगळवारी क्लबाला मागची खोली द्यायचा. कापड ताणून धरणारी गावातली सगळ्यात मोठी चौकट लागणारं मशिन त्याच्याच दुकानात होतं, आणि सातव्या खेपेचा क्रौंच त्यावर सहज बसला असता.

"माझ्याकडे बघू नकोस," बुधवारी ट्वायला दुकानात शिरताच तो म्हणाला. "फेब्रुवारीपासून मोठ्या मशिनचं पोट उघडं पडलंय. सुटा भाग यायचाय. विश्वास नसेल तर हात घालून बघ."

ट्वायलाने खरोखरच वाकून बघितलं. आत धूळ बसली होती.

"आणि बर्डीनचं मशिन?"

ड्वेन हसला. "तिचं चार इंची! त्याच्या चौकटीत या क्रौंचाची मानसुद्धा मावायची नाही. तिला फाइल मिळाली असती तरी तिने केलं काय असतं, लोणचं घातलं असतं? म्हणून तर सगळे म्हणताहेत, तिने कुणाकडून तरी शिवून घेतलं."

"चिंध्यांची पेटी दाखव."

पेटी दाराजवळ होती, जवळपास रिकामी. क्लबाची ही जुनी रीत. फसलेले नमुने, उरलेलं कापड, सगळं या पेटीत. महिन्याच्या शेवटी त्या चिंध्या भरून भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यासाठी गाद्या शिवायच्या.

"गाद्या कोण शिवतं?"

"बर्डीन. वीस वर्षं झाली." ड्वेनने मान खाजवली. "कंजूष म्हणतात तिला, पण कुत्र्यांना एकदाही तिने वाट बघायला लावलं नाही. आणि हात काय होता म्हातारीचा! ही संगणकाची मशिनं यायच्या आधी बोलिंग खेळणाऱ्या संघांच्या शर्टांवर नावं भरायची. साधं मशिन, खाली कापड हाताने फिरवायचं आणि सुई नाचवायची. माझ्या वडलांच्या शर्टावरचं नाव अजून शाबूत आहे. पण ते सगळं गेलं आता."

"अलीकडे तिच्यात काही वेगळं जाणवलं?"

"सुया! फेब्रुवारीत नऊ पाकिटं नेली साध्या मशिनच्या सुयांची. मी म्हटलंही, सुया खातेस की काय? आणि..." तो आठवत म्हणाला. "किमतीवरून भांडली नाही. नवीन डिझाईनांची यादी समोर होती, पण तिने नाक मुरडलं नाही. मला वाटलं, तब्येत बरी नाही."

ट्वायलाने पिशवीतून टॉवेल काढला. कालपासून ती त्याची वरची बाजूच बघत होती. विमा कंपनीने पेन्शन काय उगीच दिली, असं स्वतःशी पुटपुटत तिने तो उलटला. पाठीमागे राखाडीच राखाडी होतं, आणि कपाळाच्या मागे लाल. कापडावर एक पुसटशी गोल वळी उमटलेली होती. मग ती टॉवेल घेऊन खिडकीशी गेली आणि पंखातली फट उजेडात धरली. एकेक कोरी जागा ती बोटांनी ताणून बघत गेली.

"काय दिसतंय?" ड्वेनने विचारलं.

"काहीच नाही," ट्वायला म्हणाली. "एकही भोक नाही. ड्वेन, सगळ्यांना उद्या दहाला बोलाव. मार्सेलालाही. आणि बर्डीनला म्हणावं, ती चिंधी घेऊन ये."

५

गुरुवारी दहाला क्लबची मागची खोली भरली होती. दुसऱ्याचं डिझाईन चोरणाऱ्याचं नाव कापायचं, असा क्लबचा नियम होता. बर्डीन मांडीवर कापडी पिशवी घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, कोटसुद्धा न काढता. घरी ती एकटी असायची. क्लबचा मंगळवार गेला तर आठवड्यात तिच्याकडे बाहेर पडायला दुसरा वार उरला नसता, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं.

"मार्सेला, आधी तुझा जीव भांड्यात पडू दे," ट्वायला म्हणाली. "तुझी फाइल कुणीही चोरलेली नाही."

"मग हा आला कुठून?"

"सांगते. लोरालीने सातवी खेप शिवली तेव्हा पंखात दोरा तुटला आणि फट पडली. टॉवेलवरही तिथेच फट आहे, तेवढीच. फाइलमध्ये तर फट नाही. मग दोन वेगळ्या मशिनांवर, दोन वेगळ्या दिवशी, दोरा एकाच जागी तुटला का? मी तीस वर्षं गारा मोजल्या आहेत. एका पानाला एकाच जागी गार दोनदा लागत नाही."

खोलीत चुळबुळ झाली.

"दोरा तुटला तरी सुई टोचत राहते, भोकं पडतात. ब्लँकेटच्या लोकरीत ती लपली असतील. पण ह्या टॉवेलच्या फटीत एकही भोक नाही. कुणाचा दोरा तुटलेलाच नाही. ही जागा मुद्दाम मोकळी ठेवलीय. म्हणजे ज्याने हा पक्षी भरला, त्याच्यासमोर फाइल नव्हती. त्याच्यासमोर ती चिंधी होती."

"पण ती बघून शिवायचं कुठल्या मशिनवर?" ड्वेनने विचारलं.

ट्वायलाने टॉवेल उलटा धरला. "तुम्ही सगळे मला हसता ना? बघा. वर राखाडी तर खाली राखाडी, वर लाल तर खाली लाल. ट्वायलाचं बॉबिन! भरतकामाचं मशिन असतं तर मागे पांढरा दोरा दिसला असता. आणि ही वळी बघा, गोल आहे. आपल्या मशिनांच्या चौकटी चौकोनी. ही लाकडी रिंग आहे, हातात धरायची. हा क्रौंच साध्या शिवणाच्या मशिनवर भरलाय. कापड हाताने फिरवून, बोलिंगच्या शर्टासारखा."

आता सगळ्यांनी बर्डीनकडे पाहिलं. मार्सेला उठली, टॉवेल हातात घेतला, आणि पहिल्यांदाच तो नीट पाहिला. तिची बोटं टाक्यांवरून फिरायला लागली. पिसं, मान, गुडघा. तिच्या चेहऱ्यावरचा राग कुठे गेला ते तिचं तिलाही कळलं नसावं.

"हाताने?" ती कुजबुजली. "बर्डीन, हे हाताने?"

बर्डीनने पिशवीतून ब्लँकेटचा तुकडा काढला. "गादीत भरायला घेतला होता. भरवेना. म्हटलं, बघू तरी अठरा डॉलरचं काय आहे ते. तुला खोटं पाडायला बसले होते मी, खरं सांगते. म्हटलं, आठवड्यात करून आणते आणि टेबलावर आपटते." तिने घसा साफ केला. "पाच आठवडे लागले. गुडघा चारदा उसवला. तुझ्या एकेका पिसाचा टाका कुठून कुठे जातो, ते शोधण्यातच दिवस जायचा. आणि सापडलं की मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणायचे, बघा, ही बाई काय आहे!"

"मग माझ्याकडे का नाही आलीस?"

"कुठल्या तोंडाने? नाताळात एवढं बोलून? घरात ठेवला तर रोज बघायचा मला. म्हणून चर्चच्या खोक्यात टाकला. तू विक्रीला येशील हे डोक्यात यायला हवं होतं. मूर्खपणा झाला."

मार्सेलाने फटीवर बोट ठेवलं. "आणि हे का मोकळं ठेवलंस? चूक होती ती. लोराली फोनवर होती."

बर्डीनने झटकन मान वर केली.

"चूक?" ती म्हणाली. "मला वाटलं, तिथे ऊन पडलंय. पहाटे नदीवरून उठतात तेव्हा पंखातून येतं ना, तसं. तीन दिवस घालवले मी ते तेवढंच मोकळं राहावं म्हणून. अगं, जी बाई गुडघ्याची सुरकुती सोडत नाही, ती पंखात चुकून फट ठेवेल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

ड्वेन उगीचच खिडकीची काच पुसायला लागला. मार्सेलाने टॉवेल चेहऱ्याशी नेला आणि ती रडली, अगदी उघडपणे, लाज न बाळगता. मग तिने बर्डीनच्या कोटाची बटणं काढायला घेतली.

"काढ हा कोट. कॉफी घे," ती म्हणाली. "कुठे निघालीयस?"

६

शनिवारी मेळ्यात मार्सेलाने टेबल मांडलं. मांसाच्या कारखान्याचा फॉर्म तिने ड्वेनच्या शेगडीत टाकला होता. लोरालीचा पेनड्राइव्ह शुक्रवारी तिच्याच हिवाळी कोटाच्या अस्तरात सापडला आणि तिने मार्सेलाला सगळं सांगून टाकलं. त्यावर मार्सेला तिला जे बोलली ते ट्वायलाने ऐकलं, पण इथे सांगत नाही.

टेबलावर टॉवेल टांगलेला होता, "विकायचा नाही" अशी चिठ्ठी लावून. खाली पेनड्राइव्हवर भरलेल्या फाइली होत्या, बाराव्या खेपेच्या. दोन दिवस जागेवरून न उठता मार्सेलाने पंखातली ती जागा मोकळी केली होती, आणि आजूबाजूचे टाके असे वळवले होते की उजेड खरंच आत शिरत होता. लोक थांबत होते, टॉवेलकडे बघत होते, आणि खिशात हात घालत होते.

दहाच्या सुमाराला बर्डीन आली. रांगेत उभी राहिली, कुणी पुढे बोलावलं तरी गेली नाही. पाळी आल्यावर तिने पर्स उघडली आणि अठरा डॉलर टेबलावर ठेवले.

मार्सेलाने ते मागे सारले. "वेडी आहेस का? तुझ्याकडून घेऊ?"

बर्डीनने पुन्हा पुढे सारले.

"बर्डीन," ड्वेन शेजारून म्हणाला, "तुझ्या चार इंची मशिनवर हा बसणारसुद्धा नाही. शिवणार कशी?"

"शिवून कधीच झालाय, ड्वेन," बर्डीन म्हणाली. "आता विकत घेतेय."